परसातल्या शेडला परवानगी लागते का?

एप्रिल संपत आला की माझ्या टपालात शेडची पत्रं वाढतात. पावसाच्या आत सरपण झाकायचं असतं, गाडी आडोशाला घ्यायची असते, चारा वाचवायचा असतो. बहुतेकांना मिस्त्रीने एकच सांगितलेलं असतं : "पत्र्याच्या शेडला काही लागत नाही." नगरपालिकांच्या बांधकाम विभागांत 27 वर्षं काम केलं, त्या काळात हे वाक्य ऐकून पस्तावलेली माणसं मी फार पाहिली. म्हणून यावेळी सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमचा बंगला 2400 चौरस फुटांच्या प्लॉटवर, नगरपालिका हद्दीत आहे. मागे दहा फूट जागा मोकळी सुटली आहे. तिथे घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत 10 बाय 12 फुटांची लोखंडी पाइप आणि पत्र्याची शेड घालून स्कूटर, बंब, सरपण आणि पुस्तकांच्या पेट्या ठेवायच्या आहेत. भिंती बांधणार नाही, पायाही खणणार नाही. तरी परवानगी लागेल का? — वाचक, सांगली जिल्हा

लागेल, गुरुजी. आणि तुम्ही सांगितलेल्या मापाने ती मिळणारही नाही. पण निराश होऊ नका, तुमची सोय दुसऱ्या मापाने होण्यासारखी आहे. आधी कारण सांगते.

मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली, तर डिसेंबर 2020 पासून राज्यभर एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात इमारतीची व्याख्या अशी आहे, की कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याची उभारलेली रचना म्हणजे इमारत, मग तिथे माणूस राहो वा न राहो. स्लॅब, कौल, सिमेंटचा पत्रा, जीआयचा पत्रा असा भेद त्यात नाही. भिंत नाही, पाया नाही, नुसते चार खांब आहेत, हेही कारण चालत नाही. समारंभापुरता मांडव वेगळा. तुमची शेड मांडव नाही, ती दहा-पंधरा वर्षं उभी राहणार आहे.

दुसरा मुद्दा जागेचा. मागची दहा फूट म्हणजे तुमचं सामासिक अंतर. घराच्या चारी बाजूंनी सोडायची ही मोकळी जागा आभाळाला उघडी हवी. ती का, हे लोकांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ती वाया गेलेली जागा वाटते. आग लागली तर अग्निशमन दलाचा पाइप घेऊन माणूस तिथूनच मागे जातो. स्वयंपाकघरात उजेड-वारा तिथूनच येतो. आणि तुमच्या प्लॉटमध्ये ड्रेनेजची चेंबरं बहुधा तिथेच असतील. एकदा बघा. मी एका घरी गेले होते तेव्हा चेंबरचं झाकण शेडमधल्या कपाटाखाली होतं. कपाटावर धान्याच्या कोठ्या, कोठ्यांवर गाद्या. चेंबर तुंबून मैला शेजाऱ्यांच्या अंगणात निघाला, त्या दिवशी ते कपाट हलवायला सहा माणसं लागली.

तिसरा मुद्दा पाण्याचा, आणि माझ्या अनुभवात भांडणं इथेच पेटतात. 10 बाय 12 चं छप्पर म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. 50 मिलिमीटर पाऊस झाला की त्यावरून साडेपाचशे लिटर पाणी उतरतं. उतार कंपाउंडकडे दिलात तर ते सगळं शेजाऱ्यांच्या जागेत पडणार. तुमच्या पागोळ्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडू देण्याचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. उतार नेहमी आपल्या अंगणाकडे, कडेला पन्हळ आणि पन्हळीचा पाइप आपल्याच मोरीत.

आता सोयीचं सांगते. घराचा मंजूर नकाशा काढा. सापडत नसेल तर नगरपालिकेत अर्ज करून प्रत मिळते. त्यात मागे नियमाने किती अंतर सोडायला हवं ते बघा, मग टेप घेऊन प्रत्यक्षात किती सुटलं आहे ते मोजा. या दोहोंतला फरक हीच तुमची जागा. समजा नियमाने दीड मीटर लागत असेल आणि तुमचे तीन मीटर सुटले असतील, तर घराच्या मागच्या भिंतीला लागून सुमारे पाच फूट रुंद उतरतं छप्पर सुधारित नकाशात मंजूर होऊ शकतं, मात्र चटई क्षेत्र, म्हणजे तुमच्या प्लॉटवर एकूण जेवढं बांधकाम करता येतं ते, शिल्लक हवं. ते शिल्लक आहे का, हे परवानाधारक अभियंता तासाभरात काढून देईल. पाच बाय बारामध्ये स्कूटर, बंब आणि सरपण बसतं. पुस्तकांच्या पेट्या मात्र घरातच ठेवा, गुरुजी. पत्र्याखाली मार्च ते मे इतका ताव असतो की बांधणीचा डिंक सुकून पानं सुटतात.

तुमच्या प्लॉटला आणखी एक फायदा आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवान्याऐवजी नकाशे आणि शुल्क भरल्याची पोच चालते, 150 ते 300 मधल्यांना दहा दिवसांत परवानगी मिळावी अशी तरतूद आहे. तुमचा प्लॉट 223 चौरस मीटरचा, म्हणजे दुसऱ्या गटातला. पण सवलत आहे ती प्रक्रियेत. सामासिक अंतर, चटई क्षेत्र आणि उंचीचे नियम दोन्ही गटांना तसेच्या तसे लागू आहेत. "दीड हजार फुटांपर्यंत काहीच लागत नाही" ही जी बातमी गावोगाव पसरली, तिच्यात हे अर्धं वाक्य गळून गेलं होतं.

आणि ते "तात्पुरतं" प्रकरण. तात्पुरत्या बांधकामाला नियमात जागा आहे, पण परवानगी घेऊनच. पावसापासून संरक्षणाचं आच्छादन, मांडव, बांधकामाचं साहित्य ठेवायची शेड यांना एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि सगळं मिळून तीन वर्षं एवढीच मुदत. पावसाळी आच्छादन पावसाळा संपला की उतरवायचं. नुसतं सरपण झाकायचं असेल, तर हा रस्ता तुम्हाला पुरेल.

प्रश्न : ताई, आम्ही गावठाणात राहतो. घरामागच्या परड्यात चार वर्षांपूर्वी शेळ्यांसाठी शेड घातली. ग्रामपंचायतीने तिची नोंद नमुना 8 ला केली, घरपट्टीही लावली, आम्ही दरसाल भरतो. आता थोरले दीर म्हणतात, परडं सामाईक आहे, शेड काढा. ग्रामसेवक म्हणतात, परवानगीचा कागद दाखवा. घरपट्टीची पावती ही परवानगी नाही का? — वाचक, कोल्हापूर जिल्हा

नाही, वहिनी. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण चार वर्षं तुम्ही प्रामाणिकपणे पैसे भरलेत. पण नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावरून एवढंच कळतं, की या जागेवर अमुक बांधकाम आहे आणि त्याचा कर अमुक माणूस भरतो. मालकी त्याने सिद्ध होत नाही, परवानगी तर त्याहून नाही. शहरांतही तसंच आहे. महापालिका विनापरवाना बांधकामावर शास्ती लावते, पण शास्ती भरल्याने ते अधिकृत होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. गावठाणातल्या बांधकामासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे परवानगी घ्यावी लागते.

तुमच्यापुढे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. ग्रामसेवक आणि थोरले दीर या दोघांना एकाच कागदाने उत्तर देता येणार नाही.

आधी दिरांचा प्रश्न. तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल, तर गावठाणातल्या घरांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या असतील. ती पत्रिका काढून परडं कुणाच्या नावावर आहे, वेगळं दाखवलं आहे की सामाईक, ते बघा. सामाईक असेल तर दिरांची लेखी संमती किंवा वाटणी याशिवाय पुढे जाता येणार नाही. तालुक्याला वकील गाठण्याआधी घरातली एखादी वडीलधारी व्यक्ती मध्ये घालून बघा. शेळ्यांचा वास आणि लेंड्या-मुताचं पाणी दिरांच्या दाराकडे जातं का, हे स्वतःला एकदा विचारा. अशा वादांत वरवर हद्दीची तक्रार असते आणि आत बहुतेक वेळा नाल्याची. शेडचा कोबा दोन इंच उतार देऊन पलीकडे वळवला आणि एक शोषखड्डा घेतला, तर कधी कधी दीर स्वतःच सही करतात. मी हे होताना पाहिलं आहे.

मग ग्रामसेवकांकडे जा. पंचायतीकडे आता रीतसर अर्ज करा. सोबत मिळकत पत्रिका, हातकाढा का होईना पण मापं घातलेला नकाशा, सहहिस्सेदारांची संमती आणि चार वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या जोडा. पावत्यांनी परवानगी सिद्ध होत नसली, तरी तुम्ही काही लपवलं नाही हे त्यांतून दिसतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या.

या आवक क्रमांकावर माझा एवढा भर का, ते सांगते. 1998 साली मी एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होते. बाजारामागच्या आळीत एक बाई पापड लाटायच्या, हाताखाली आणखी चौघी. त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली. घालण्याआधी त्या आमच्या कार्यालयात विचारायला आल्या होत्या. खिडकीवरच्या लिपिकाने "पत्र्याला काही नको" म्हणून सांगितलं. पुढे शेजारची तक्रार आली, पाहणी झाली, नोटीस निघाली. नोटिशीवर माझीच सही होती. बाई म्हणाल्या, "मी विचारून घातली." त्यांचं खरं होतं, आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं. शेड उतरवली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कामाने त्या आळीत गेले तर अंगणात नुसता कोबा राहिला होता. पाइप उपटले तिथे आठ गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात पावसाचं पाणी. बाई त्यांच्यामध्ये पाट टाकून, डोक्यावर छत्री बांधून लाटत होत्या. लिपिक चुकला होता आणि किंमत बाईंनी मोजली. त्यांनी तेव्हा चार ओळींचा अर्ज देऊन लेखी उत्तर मागितलं असतं, तर शेड घालण्याआधीच "तीन फूट आत घ्या" एवढंच सांगून काम भागलं असतं. जागा तेवढी होती. मी मोजली होती.

प्रश्न : फलटण तालुक्यात आमची अडीच एकर बागायत आहे. शेतात गोठा आणि कडब्याची शेड घालायची आहे. काही जण म्हणतात, आधी जमीन बिगरशेती करा. खरं काय? शेतावरून विजेची तार गेली आहे. — वाचक, सातारा जिल्हा

गोठ्यासाठी बिगरशेती करायची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 41 ने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात शेतघर उभारायचा हक्क दिला आहे. शेतघर म्हणजे काय, हेही कायद्यात आहे : अवजारं, खत, चारा ठेवायची जागा, शेतमाल साठवायची जागा, जनावरांचा निवारा, शेतकऱ्याच्या कुटुंबाचं किंवा गड्यांचं राहणं. गोठा आणि कडब्याची शेड त्यात सरळ बसते. मोठ्या शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. तुमचा गट प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात दाखवला आहे, ते नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढून बघून घ्या.

वापर बदलला की संरक्षण गेलं, एवढं पक्कं लक्षात ठेवा. कडब्याची शेड रस्त्याला लागून आहे म्हणून उद्या कुणी खतविक्रेता गोदामासाठी भाडं देऊ करेल, किंवा गॅरेजवाला विचारेल. त्या दिवशी ते शेतघर राहत नाही, अकृषिक वापर होतो आणि दंडाची कारवाई तुमच्या सात-बारावर येते, भाडेकरूच्या नाही.

आता तारेचं. हा तुमच्या पत्रातला शेवटचा आणि सगळ्यात छोटा मुद्दा आहे. माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा आहे. घरगुती दाबाच्या तारेपासून छपराला उभं 2.5 मीटर आणि आडवं 1.2 मीटर अंतर लागतं. 11 केव्हीच्या तारेपासून उभं 3.7 आणि आडवं 1.2 मीटर. 33 केव्हीला उभं तेवढंच, आडवं 2 मीटर. पण हे सगळ्यात कमी, म्हणजे याच्या आत जाताच येत नाही. तार उन्हाळ्यात झोळ धरते, वाऱ्याने हेलकावते. शिवाय कडब्याच्या गंजीवर चढलेल्या माणसाची उंची आणि त्याच्या हातातलं दाताळं कुठल्याच तक्त्यात नसतं. शेड लोखंडी पाइपची, पत्रा जीआयचा, खाली ओला गोठा आणि साखळीने बांधलेली जनावरं. तुमच्याकडे अडीच एकर आहे. गोठा तारेखाली घालूच नका. तारेपासून चांगला वीस-पंचवीस फूट बाजूला घ्या, आणि कोणत्या दाबाची लाइन आहे ते वीज कंपनीच्या शाखा अभियंत्याला शेतावर आणून विचारून घ्या.

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्रकाठी आमची पोफळीची वाडी आहे. भरतीच्या रेषेपासून दीडशे मीटर असेल. आंब्याच्या पेट्या ठेवायला छोटी शेड घालावी म्हणतो. — वाचक, रत्नागिरी जिल्हा

थांबा. खांबाचा खड्डासुद्धा काढू नका. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांसाठी ते 50 मीटरपर्यंत येऊ शकतं. दापोलीकडच्या पोफळीच्या वाडीला ही दुसरी सवलत लागू पडेल असं समजून चालू नका. बागायत करायला त्या पट्ट्यात हरकत नाही, नवीन बांधकामाला आहे. भरतीची रेषा आपण डोळ्यांनी धरतो ती चालत नाही, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची रेषा धरली जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात नकाशा बघून तुमचा गट नेमका कुठे पडतो त्याची खात्री करा. वाडीत जुनं अधिकृत घर असेल, तर त्याच्या जोत्यात राहून दुरुस्ती करता येते. पेट्यांची सोय त्या घराच्या पडवीत बसते का, याचा आधी विचार करा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला बारा वर्षं आहोत, स्वतःचं सेमी-डिटॅच्ड घर आहे. मागच्या बागेत लाकडी शेड घालायची आहे. उन्हाळ्यात आई-बाबा येतात तेव्हा त्यांना तिथे झोपायची खोली होईल, एरवी माझं ऑफिस. तिथे शेडला परवानगी लागत नाही असं सगळे सांगतात. — वाचक, लेस्टर

तिथले नियम मी मुलाच्या घराच्या निमित्ताने नीट वाचले आहेत. सगळे म्हणतात ते शेडपुरतं बरंचसं बरोबर आहे, झोपण्यापुरतं नाही.

इंग्लंडमध्ये घराच्या बागेतल्या शेडला काही अटी पाळल्या तर वेगळी नियोजन परवानगी लागत नाही, कायद्यानेच ती दिलेली असते. शेड एकमजली हवी, घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे नको. हद्दीपासून दोन मीटरच्या आत शेडचा कुठलाही भाग येत असेल, तर संपूर्ण शेडची उंची अडीच मीटरच्या वर जाता कामा नये. त्याहून लांब असेल तर दोन्हीकडे उतार असलेल्या छपराला चार मीटर, बाकीच्यांना तीन. मूळ घराभोवतीच्या जागेपैकी निम्म्याहून जास्त जागा शेड आणि वाढीव बांधकामांनी व्यापायची नाही. आपल्याकडे मागच्या अंगणात सगळ्यात आधी सामासिक अंतर आडवं येतं, तिथे हद्दीलगत शेड चालते पण ठेंगणी ठेवावी लागते. शेजाऱ्यांचा उजेड जपायचा हेतू दोन्हीकडे सारखाच आहे.

पण ही सवलत घराच्या वापराला पूरक अशा शेडसाठी आहे : अवजारं, सायकली, छंद, घरून करायचं ऑफिस. झोपायची खोली म्हणजे राहण्याची जागा, तिला सवलतीत धरत नाहीत. शिवाय इमारतीच्या सुरक्षेचे नियम वेगळे आहेत. 15 चौरस मीटरपेक्षा लहान शेडला त्यातून सूट आहे, पण आत झोपायची सोय नसेल तरच. आई-बाबांना तिथे झोपवायचं असेल, तर उष्णतारोधन, धुराची सूचना देणारं यंत्र, बाहेर पडायची वाट, विजेचं काम हे सगळं तपासून घ्यावं लागेल. घ्याच. सत्तरीतल्या माणसांना बागेच्या टोकाला लाकडी खोलीत हीटर लावून झोपवणार आहात, कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. त्यापेक्षा उन्हाळ्यापुरतं तुमचं ऑफिस शेडमध्ये न्या आणि घरातली खोली आई-बाबांना द्या.

घर नव्या वसाहतीत असेल तर एक कागद आधी शोधा. वसाहतीच्या मूळ परवानगीत कधी कधी ही सवलत काढून घेतलेली असते, संवर्धन क्षेत्रातही जास्तीच्या अटी असतात. मनात शंका असेल तर स्थानिक कौन्सिलकडून काम कायदेशीर असल्याचं प्रमाणपत्र मागता येतं. घर विकताना ते फार उपयोगी पडतं. आणि चार वर्षं कुणी बोललं नाही की झालं, हा तिथला जुना समज आता धरू नका. एप्रिल 2024 पासून इंग्लंडमध्ये ती मुदत दहा वर्षांची झाली आहे.

प्रश्न : बंगल्याच्या बाजूच्या जागेत पाच वर्षांपूर्वी घातलेल्या शेडबद्दल महापालिकेची नोटीस आली आहे. घरात सगळे घाबरले आहेत. उद्याच येऊन पाडतील का? आम्ही काय करावं? — वाचक, नाशिक

उद्या येऊन पाडणार नाहीत, पण नोटीस कपाटात ठेवूनही चालणार नाही. आधी ती शांतपणे वाचा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, तारीख काय, मुदत किती, हे कागदावर लिहून काढा.

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला बांधकामं पाडण्याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. आधी कारणे दाखवा नोटीस, उत्तराला किमान 15 दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यातली जी जास्त असेल ती. नोटीस रजिस्टर टपालाने पाठवायची आणि बांधकामावर चिकटवायची. प्रत्यक्ष सुनावणी द्यायची आणि अंतिम आदेशानंतरही स्वतःहून काढून घ्यायला 15 दिवस द्यायचे. रस्ता, पदपथ, रेल्वेची जागा, नदी किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. तुमची शेड स्वतःच्या प्लॉटमध्ये आहे, पण तिचा कोपरा पदपथावर येत नाही ना, ते मोजून घ्या.

नोटीस नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली असेल, तर तिच्या मुदतीत बांधकाम ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज करता येतो. मुदत उलटल्यावर नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात परवानाधारक वास्तुविशारदाला घरी बोलावून मोजणी करून घ्या. शेडचा किती भाग सामासिक अंतरात येतो आणि किती बाहेर आहे ते त्याला नकाशावर रंगवून द्यायला सांगा. बऱ्याच वेळा सगळी शेड काढावी लागत नाही, एक गाळा कापून बाकीची नियमात बसते. कापावा लागणारा भाग तुम्हीच माणसं लावून उतरवा. तुमचा मिस्त्री हुक सोडवून पत्रे अखंड उतरवेल, ते पुन्हा वापरता येतील. यंत्राने पाडलं तर सगळं भंगारात जाईल.

एक धोका सांगते. घाबरून काही जण उत्तरात लिहितात, "शेड तात्पुरती आहे, पक्की नाही." असं लिहू नका. विनापरवाना तात्पुरत्या कामासाठी त्याच कायद्यात कलम 55 वेगळं आहे आणि ते जास्त कडक आहे. तात्पुरतं कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाचा आणि त्याचा निर्णय अंतिम. वाचवायला म्हणून लिहिलेल्या त्या शब्दाने तुम्ही स्वतःलाच तिकडे ढकलाल. उत्तरात शेड कधी घातली, मापं काय, कशासाठी वापरता, किती भाग स्वतःहून काढत आहात आणि किती नियमित करून मागत आहात, एवढंच लिहा. जे खरं आहे तेच लिहा.

अर्ज ऑनलाइन भरला तरी त्याची छापील प्रत आवक विभागात द्या, आणि सुनावणीला घरातलं कुणीतरी स्वतः हजर राहा, नुसता एजंट पाठवू नका. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानतात हे खरं आहे, पण बांधकाम नियमावलीत काटेकोर बसत असेल तरच. त्यामुळे गप्प बसून दिवस मोजू नका. परवानगी नाकारली तर शासनाकडे अपील करायला आदेश मिळाल्यापासून 40 दिवस असतात, म्हणून आदेशाचं पाकीट ज्या दिवशी हाती येईल त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा. नोटिशीची प्रत, मंजूर नकाशाची प्रत आणि शेडची मापं मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवलीत, तर सामासिक अंतराचा हिशेब मी करून कळवीन.